आजोबांची .२२ हॉर्नेट: चेंबर वाढवून 'के-हॉर्नेट' करावी का?

बांधावरचा
मंडळी, आमच्या मामांकडे अंबड तालुक्यात ब्रनोची .२२ हॉर्नेट रायफल आहे. झेकोस्लोव्हाकियाची, बोल्ट अ‍ॅक्शन (मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हातानं ओढून गोळी भरायची), पाच गोळ्यांचं चिमुकलं मॅगझिन. आजोबांनी घेतलेली, त्यांच्यामागं रीतसर मामांच्या परवान्यावर चढली. लाकूड अजून असं की हात फिरवत बसावं. अडचण काडतुसांची. संभाजीनगरला दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, .३१५ न्या, बारा बोअरचं न्या, साधं .२२ न्या, हॉर्नेटचं नाव काढू नका. नांदेडला तेच उत्तर.

मध्यंतरी व्हिडिओत पाहिलं की अमेरिकेत याच रायफलीचं चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) रीमरनं (भोक मोठं करायच्या हत्यारानं) थोडं वाढवून 'के-हॉर्नेट' करतात. नळी तीच, बोल्ट तोच, गोळीचा वेग मात्र वाढतो. मामांचे मेहुणे म्हणतात वाळूजला कोणताही लेथवाला अर्ध्या दिवसात करून देईल. मामांचं म्हणणं वेगळं: करायचंच तर साधी .२२ करू, गोळ्या तरी मिळतील. मशीनचं आणि कायद्याचं कळणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी बोलावं. माझं स्वतःचं मत के-हॉर्नेटच्या बाजूनं झुकलंय, आधीच सांगतो.

परभणीचा_जर्मन
जगात जर्मनी, भारतात परभणी. रायफल झेक निघाली म्हणून या धाग्यावरचा माझा हक्क थोडक्यात हुकला. तरी बसलोय, चालू द्या.

जुना_कारकून
बांधावरचा भाऊ, मेहुण्यांना आधी आवरा. मी कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून मधे बोलतो.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, त्याचं रूपांतर करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं, सगळं एकाच कलमात आहे. आपल्याकडं लोकांना वाटतं परवाना असला की बंदूक आपली, मग तिचं काय वाटेल ते करा. मामांकडचा परवाना बाळगण्याचा आहे, तो कलम ३ खाली. रूपांतराचा परवाना वेगळा, तो ज्या कारागिराकडे वा कारखान्याकडे असतो त्यानंच हात लावायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडलं तर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. वाळूजच्या लेथवाल्याला अर्ध्या दिवसाच्या मजुरीपायी हे झेपेल का, त्यालाच विचारा.

दुसरी गोष्ट. परवान्यावर बोअर (नळीच्या भोकाचं माप) लिहिलेला असतो, शस्त्राचा नंबर असतो, आणि आता प्रत्येक परवानाधारकाला यूआयएन, म्हणजे स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, असतो. नूतनीकरणाला (२०१९ पासून मुदत पाच वर्षं, पूर्वी तीन होती) पोलीस ठाण्यात शस्त्र दाखवायला नेलं आणि कागदावर .२२ हॉर्नेट, हातात भलतंच, तर तिथून पुढं सगळी उत्तरं मामांना द्यावी लागतील. मेहुणे तेव्हा कुठं असतील सांगता येत नाही.

तिखटजाळ
मेहुणे तेव्हा लग्नाला गेलेले असतात. अनुभव आहे.

वाळूजकर
माझं नाव निघालं म्हणून येतो. एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं छोटं युनिट आहे, बंदुकीला आयुष्यात हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. पण "अर्ध्या दिवसात कोणीही करून देईल" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

नळी बाहेरून गोल दिसते, भोक तिच्या बरोबर मध्यातून जात असेलच असं नाही. खोल ड्रिलिंग केलेल्या कुठल्याही जॉबला हे लागू आहे, ड्रिल जरा तरी भरकटतंच. तुम्ही लेथच्या चकात (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) बाहेरचा व्यास पकडून डायल शून्य केला तर भोक मात्र हेलकावे खात फिरणार. मग रीमर आत जाईल तो वाकड्या वाटेनं, आणि चेंबर तोंडाशी मोठं होईल. म्हणजे जॉब बाहेरून नाही, भोकावरून इंडिकेट करायचा (डायल लावून मध्य जुळवायचा), तोही दोन्ही टोकांना. इथल्या बऱ्याच पोरांना हे येतं, ऑटो कंपन्यांना मायक्रॉनमध्ये माल देणारी पोरं आहेत ही. पण रीमर? तो कुठून आणणार? त्या एका काडतुसाच्या मापाचा घासलेला रीमर लागतो, आणि तपासायला त्याचे गेज. स्टँडर्ड रीमरच्या कॅटलॉगात ते सापडत नाही. अंदाजानं टूल घासून "जवळपास" चेंबर करायचं म्हणाल तर डोळ्यापासून चार बोटांवर हजारो पीएसआयचा दाब आहे, तिथं जवळपास चालत नाही.

गोदाकाठ
कायद्याचं ऱ्हाऊ द्या जरा बाजूला. आमच्याकडं गंगाखेडकडं रानडुकरांनी हरभरा नांगरून टाकलाय, रोही (नीलगाय) तुरीत बसून ऱ्हातंय. त्याला ही हॉर्नेट का काय ती चालती का? वेग वाढला तर चालंल का? कामून की साध्या .२२ नं डुक्कर हलत बी नाही म्हणतेत.

नेमबाज_ताई
गोदाकाठ दादा, नाही चालणार, आणि चालवायची नाही. हॉर्नेटची गोळी ४५ ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमच्या आत. अमेरिकेत ती प्रेअरी डॉग, ससा, फार तर कोल्ह्यासाठी वापरतात. शंभर किलोच्या डुकराला ती लागली तर ते जखमी होऊन उसात शिरेल आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीवाल्यांच्या अंगावर येईल. त्यात सेकंदाला दीडशे फुटांचा वेग वाढवून काही बदलत नाही.

आणि पीक राखायची बंदूक म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, रानडुक्कर आणि नीलगाय दोन्ही अनुसूची २ मध्ये आहेत, काळवीट तर अनुसूची १ मध्ये. कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वनविभागाकडे करा, पंचनामा वेळेत करून घ्या.

गोदाकाठ
पंचनामा करायला माणूस येईस्तोवर हरभरा गेलेला असतोय ताई. असू द्या. यंदा झटका मशीन बसवलीय, बघू.

ऑस्टिनकर_अण्णा
मूळचा उदगीरचा, आता टेक्सासात. हा विषय माझ्या गॅरेजातला आहे म्हणून सविस्तर लिहितो. इथं स्वतःच्या रायफलीचं चेंबर बदलायला मालकाला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून हा छंद इथं फोफावला. कारकून साहेबांनी सांगितलं ते आपल्याकडं अक्षरशः खरं आहे, त्यामुळे पुढचं माहिती म्हणून वाचा, कृती म्हणून नको.

हॉर्नेट ही मुळात जुन्या काळ्या दारूच्या .२२ डब्ल्यूसीएफ काडतुसातून आली. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या टाउनसेंड व्हीलन, ग्रॉव्हनर वॉटकिन्स वगैरे मंडळींनी तिच्यावर काम केलं. विंचेस्टरनं १९३० मध्ये काडतुसं बाजारात आणली, त्यासाठीच्या कारखान्याच्या रायफली मागून आल्या. म्हणजे हॉर्नेट स्वतःच आधी हौशी लोकांचं पोर, नंतर कंपनीनं दत्तक घेतलेलं.

पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, लांबट, निमुळती आणि पातळ पितळेची. खांदा (जिथं पुंगळी मानेकडं आवळते) इतका उतरता की कुठं सुरू होतो ते बोटाला कळत नाही. या निमुळतेपणामुळे उडवल्यावर पितळ पुढं सरकतं, तोंडाशी लांबी वाढत जाते, चार-पाच वेळा भरून वापरली की पुंगळी बुडाशी तडकते. लायल किलबर्न नावाच्या गनस्मिथनं १९४० मध्ये चेंबरच्या भिंती जवळजवळ सरळ केल्या आणि खांदा खडा केला. हाच के-हॉर्नेट. के म्हणजे किलबर्न.

यातली गंमत अशी की नवी पुंगळी कुठं बनवावी लागत नाही. साधी कारखान्याची हॉर्नेट त्या वाढलेल्या चेंबरमध्ये घालायची आणि उडवायची. आतल्या दाबानं पितळ पुरीसारखं फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं आणि त्याच आकारात राहतं. याला फायर-फॉर्मिंग म्हणतात. माझ्या टेबलावर आत्ता दोन पुंगळ्या शेजारी उभ्या आहेत. एक कोरी: बुडापासून तोंडापर्यंत हळूहळू बारीक होत जाणारी, चकचकीत पिवळी. दुसरी फॉर्म झालेली: अंग सरळ, खांद्याला स्पष्ट कड, नख लावलं तर अडतं, आणि मानेशी काजळीचा करडा पट्टा. उंची दुसरीची केसभर कमी, कारण पितळ रुंदीत गेलं.

हॉर्नेटला हे सोपं पडतं कारण तिच्या बुडाला कडा आहे. काडतूस त्या कडेवर टेकून राहतं, त्यामुळे खांद्याचा आकार कसाही बदलला तरी बुडाची बैठक तीच. .२२३ सारख्या बिनकडेच्या काडतुसाला नुसता रीमर फिरवून भागत नाही, नळी थोडी मागं घेऊन चेंबर पुन्हा बसवावं लागतं. नाहीतर साधी गोळी त्यात सैल बसते आणि पहिल्याच बाराला पुंगळी बुडाशी फाटू शकते.

आता हिशेब. कारखान्याची ४५ ग्रेनची हॉर्नेट सुमारे २,६९० फूट प्रति सेकंद. के-हॉर्नेटनं त्यात दीडशे-दोनशे फुटांची भर पडते, तीही स्वतः दारू मोजून भरली तर. साधी गोळी साध्या भरणीनं वाढीव चेंबरमध्ये उडवली तर वेग उलट किंचित घटतो, कारण थोडी ताकद पितळ फुगवण्यात जाते. बांधावरचा, हे वाक्य दोनदा वाच बाबा.

तिखटजाळ
म्हणजे सगळा खटाटोप करून, सात वर्षं जोखीम पत्करून, रायफल आधीपेक्षा हळू?

ऑस्टिनकर_अण्णा
काडतुसं घरी भरत नसाल तर, हो.

जुना_कारकून
आणि घरी भरणं म्हणजे काय तेही लिहून ठेवतो. कलम ५ मध्ये दारूगोळाही आहे. अण्णांच्या गॅरेजात जो छंद आहे तो इथं परवान्याशिवाय केला तर दारूगोळ्याचं उत्पादन ठरतो. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू, पुंगळ्या किराणा आणावा तशा आणता येत नाहीत.

संदूक
थोडं अवांतर, पण या धाग्याला लागूनच आहे. चेंबर बदलून बंदुकीची जात बदलणं हे आपल्या देशात हौशी लोकांनी नाही, सरकारनंच केलंय.

इंग्रजांच्या काळात पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना .३०३ एन्फील्ड (लष्कराच्या रायफली) द्यायच्या नव्हत्या, गोळ्या बंडखोरांच्या हाती लागायची भीती. म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात त्याच एन्फील्ड घेऊन नळी आतून गुळगुळीत केली, .४१० मस्केटच्या काडतुसासाठी चेंबर केलं, आणि एका वेळी एकच गोळी चालेल अशी केली. बाहेरून बघाल तर तीच .३०३. नागरिकांसाठीही तोच विचार: .३०३ हा निषिद्ध बोअर, मग .३१५ दिली, जी ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिखर काडतुसाची सख्खी बहीण. आज एखाद्या सुरक्षारक्षकाच्या खांद्यावर दिसणारी .३१५ ही त्या धोरणाची नात आहे.

उलट उदाहरणही आहे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरनं एन्फील्ड ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली, २ए नावानं. तेव्हा जुन्या .३०३ चं नुसतं चेंबर बदललं नाही. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलादच बदललं. सरकारी कारखान्यानं एवढी काळजी घेतली, आणि आपले मेहुणे अर्ध्या दिवसात म्हणतात.

परभणीचा_जर्मन
मेहुण्यांचा सदस्य क्रमांक कुणी काढा रे, त्यांना बाजू मांडायची संधी द्या.

गोदाकाठ
संदूकभाऊ, आमच्याकडं रझाकाराच्या टायमाच्या बंदुका विहिरीत टाकल्याच्या लई गोष्टी सांगत्यात म्हातारी माणसं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, १७ सप्टेंबर झाला, आन् ज्याच्याकडं जे व्हतं ते आडात गेलं म्हणं. खरं का ओ?

संदूक
गोदाकाठ, प्रत्येक गावात एक आड असा असतो आणि प्रत्येक आडात एक बंदूक असते. गाळ काढताना घागरीच सापडतात बहुधा. पण खरंच कुणाला काही सापडलं तर घरी नेऊन साफ करत बसू नका, थेट ठाण्यात कळवा.

लातूरची_डाळ
धागा मस्त चाललाय. मला त्यातलं शष्प कळत नाही, तरी दुसऱ्यांदा वाचतेय. अण्णा, तो 'इम्प्रूव्हड' शब्द अशा काडतुसांच्या नावांत सगळीकडं दिसतो तो किलबर्नचाच का?

ऑस्टिनकर_अण्णा
नाही, तो गाजवला पी. ओ. अ‍ॅक्लेनं. पार्कर ऑटो अ‍ॅक्ले, १९०३ ते १९८९. दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिनिदादला दुकान थाटलं, तिथल्या कॉलेजात गनस्मिथिंग शिकवलं. अनेक कारखानी काडतुसं घेऊन त्यांची अंगं सरळ केली, खांदे ४० अंशांवर आणले. बरीचशी हौशीच राहिली. .२८० अ‍ॅक्ले इम्प्रूव्हड मात्र पुढं नॉस्लर कंपनीनं रीतसर प्रमाणित करून घेतली. हौशी काडतूस कंपनीनं उचललं याचं सगळ्यात मोठं उदाहरण .२२-२५०. १९१५ च्या .२५० सॅव्हेजची मान आवळून लोकांनी बनवलेली, रेमिंग्टननं १९६५ मध्ये आपल्या नावावर आणली.

तिखटजाळ
त्रिनिदादला? वेस्ट इंडिजमध्ये? ब्रायन लाराच्या गावचा माणूस रायफली वाढवायचा?

ऑस्टिनकर_अण्णा
कोलोरॅडो राज्यातलं त्रिनिदाद रे बाबा. तिथं समुद्र नाही, क्रिकेट तर नाहीच नाही.

वाळूजकर
अण्णा, एक मुद्दा पटला नाही. या अ‍ॅक्लेंचा दावा म्हणे असा की भिंती सरळ केल्या की पुंगळी चेंबरला घट्ट धरते, आणि बोल्टवर मागं ढकलणारा जोर कमी होतो. त्यांनी विंचेस्टर ९४ रायफलीवर तसा प्रयोगही केला होता असं वाचलं. पण दाब गुणिले क्षेत्रफळ हे कुठं जातं? दाब तेवढाच ठेवला तर बुडावरचा जोर तेवढाच. पितळ जे धरून ठेवतं ते त्याच्या ताकदीपुरतं. आणि भिंत तेलकट असली तर तेवढंही नाही.

ऑस्टिनकर_अण्णा
प्रयोग झाला होता, .३०-३० काडतुसावर. निमुळत्या पुंगळीपेक्षा सरळ पुंगळी जास्त धरते हे मान्य. पण त्यावरून लोकांनी अर्थ काढला की इम्प्रूव्हड चेंबरमध्ये कितीही दारू भरा, बोल्टला काही होत नाही. तो घातक आहे. वाढीव वेगातला मोठा वाटा वाढीव दाबाचाच असतो, जागेचा वाटा थोडा. हॉर्नेटसारख्या जुन्या, हलक्या अ‍ॅक्शनवर तर हे विसरूच नये. तुमच्याशी भांडायला बसलो होतो, पण तुम्ही बरोबर बोलताय, त्यामुळे मजा गेली.

वाळूजकर
मग नळीचं सांगा. मामांची रायफल जुनी. जुन्या नळ्यांचं माप नव्या गोळीला जमतं का?

ऑस्टिनकर_अण्णा
चांगला प्रश्न. सुरुवातीच्या हॉर्नेट नळ्या .२२३ इंच गोळीसाठी होत्या, नंतर सगळं .२२४ वर आलं. शिवाय हॉर्नेटच्या नळीतल्या खाचांचा पीळ, जो गोळीला फिरकी देतो, तो १६ इंचांत एक फेरा. चाळीस-पंचेचाळीस ग्रेनच्या आखूड गोळ्यांना तो ठीक, लांब जड गोळी त्यात स्थिर राहत नाही, कागदावर आडवी पडल्याच्या खुणा दिसतात. चेंबर वाढवून पीळ बदलत नाही. म्हणजे वाढलेल्या वेगाचा फायदा घेऊन जड गोळी मारू म्हणाल तर तेही दार बंद.

नेमबाज_ताई
आता माझा मुद्दा. सगळे वेगामागं का लागलेत? पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, २०१० मध्ये तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेती झाली, दोन्ही .२२ एलआरवर, म्हणजे साध्या .२२ वर. ती गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास रेंगाळते. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथं वेग नाही, एकसारखेपणा लागतो. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी हवी. मामांना कागदावर नेम मारायची हौस असेल तर क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करू द्या. .१७७ बोअर आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवानाही लागत नाही.

गोदाकाठ
त्या एअरगननं पोपट बी उडत नाहीत ताई ज्वारीवरचे.

नेमबाज_ताई
पोपट उडवायला गोफण पुरते. आणि पोपटही कायद्यात संरक्षित आहेत, सांगून ठेवते.

गोदाकाठ
आता गोफणीला बी परवाना काढावा लागंल म्हणा की.

बांधावरचा
इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मामांना मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न तसाच आहे: के-हॉर्नेट राहू द्या, साधी .२२ का नाही करता येणार? बोअर तर .२२ च आहे ना. आणि समजा परवाना असलेल्या कारागिराकडूनच केली तर?

वाळूजकर
मामांना सांगा, रीमर मटेरियल काढतो, भरत नाही. हॉर्नेटची पुंगळी बुडाशी साध्या .२२ च्या पुंगळीपेक्षा बरीच जाड. त्या चेंबरमध्ये .२२ एलआर टाकली तर ती ढिली पडेल, पितळ फाटून गरम वायू मागं येईल. म्हणजे नळीत आतून स्लीव्ह बसवा, नाहीतर नवी नळी घाला.

ऑस्टिनकर_अण्णा
आणि तेवढ्यानंही होत नाही. हॉर्नेट सेंटरफायर आहे, फायरिंग पिन बुडाच्या मध्यावर आदळते. .२२ एलआर रिमफायर, तिला कडेवर ठोका लागतो. म्हणजे बोल्टही बदला. एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याचं) माप वेगळं, मॅगझिन वेगळं. शेवटी ब्रनोचं उरेल ते लाकूड आणि नंबर. इथंही हे करणारे क्वचित, कारण त्या खर्चात चांगली .२२ येते.

जुना_कारकून
कारागीर परवानाधारक असला तरी परवान्यावरचा बोअर बदलायची परवानगी आधी कलेक्टर किंवा आयुक्तांकडून घ्यावी लागेल, काम नंतर. आणि मामांना .२२ एलआर हवीच असेल तर त्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. फक्त २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं, पूर्वी तीन होती. वारशानं आलेलीही त्या दोनातच मोजतात. मामांकडं बारा बोअर असेल तर कोटा संपला.

बांधावरचा
बारा बोअर आहे.

जुना_कारकून
मग झालं. मामांचं वय काय? सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्यांच्या नावावर असेल तर २०१६ च्या नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. मामेभावाच्या नावे ही हॉर्नेट गेली की मामांना .२२ साठी जागा मोकळी. अर्ज भरा, कागदं नीट जोडा, आणि टेबलावरचा माणूस आज या-उद्या या म्हणाला तर चिडू नका. मीही म्हणायचो, फाइल खरंच वर असायची.

लातूरची_डाळ
कारकून काका, या एका वाक्यासाठी तुमचा सत्कार व्हायला हवा.

संदूक
एक लक्षात घ्या, नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे इथल्या जुन्या ब्रनोची किंमत तिकडच्यापेक्षा कितीतरी पट धरली जाते. चेंबर छेडलेल्या रायफलीला ती किंमत कुणी देत नाही. आहे तशी ठेवली तर मामेभावाला कधी विकायची झाली तर रीतसर गिऱ्हाईक मिळेल.

नेमबाज_ताई
आणि काडतुसांसाठी एकाच दुकानावर थांबू नका. पुण्या-मुंबईच्या परवानाधारक विक्रेत्यांकडं जुना आयात साठा कधीतरी निघतो. परवान्यावर जितकी मुभा आहे तितकीच घ्या. काडतुसावर हिरवट बुरशी किंवा मानेशी बारीक चीर दिसली तर ते वापरायचं नाही, विक्रेत्याकडंच परत द्या.

बांधावरचा
ठरलं. रायफल जशी आहे तशी. मामेभावाला पुढच्या आठवड्यात अंबडला बोलावलंय, अर्जाचं बघतो. मामा तयार आहेत. मेहुणे मात्र अजून म्हणताहेत की जालन्यात स्टीलच्या मिला आहेत, तिथल्या एका फोरमनला ते ओळखतात, तो बघून देईल.

वाळूजकर
जालन्याच्या मिला सळ्या बनवतात. सळईला चेंबर नसतं म्हणावं.

परभणीचा_जर्मन
मेहुण्यांना या धाग्याची लिंक पाठवा. पण त्याआधी बोल्ट काढून वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा.